मुंबई-गोवा महामार्ग : पळस्पे ते पत्रादेवी

राष्ट्रीय महामार्ग ६६ महाराष्ट्रात पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर सुरू होतो, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तीन जिल्हे उत्तर-दक्षिण कापतो आणि बांद्याच्या पुढे पत्रादेवी येथे गोव्यात शिरतो. राज्यातील त्याची लांबी सुमारे ४७० किलोमीटर आहे. पुढे गोवा, कर्नाटक, केरळ करत तो तमिळनाडूत कन्याकुमारीला संपतो. मुंबई-पुण्याचा चाकरमानी, घाटावरून माल आणणारा टेम्पोवाला, गोव्याला निघालेला पर्यटक आणि शेजारच्या गावी आठवडा बाजाराला जाणारा शेतकरी या सगळ्यांचा हा एकच रस्ता.

कोणत्या क्रमांकाची पाटी पाहायची, पुण्याहून कोणता घाट उतरायचा, पावसात निघावे की नाही, टोल कुठे आणि किती, अपघात झाला तर कोणाला फोन करायचा, हे प्रश्न वाचक वर्षानुवर्षे विचारत आले आहेत. त्यांची उत्तरे शोधताना एक क्रम पाळावा: आधी आपल्या गावाचा फाटा नक्की करावा, मग त्या फाट्याला जवळचा घाट किंवा प्रवेशमार्ग ठरवावा आणि शेवटी निघण्याची वेळ. पुष्कळजण हे उलट्या क्रमाने करतात, म्हणून वाट चुकते.

सतरा की सहासष्ट?

जुने लोक आणि जुन्या पाट्या या रस्त्याला अजूनही 'एनएच १७' म्हणतात. २०१० मध्ये देशभरातील राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले, तेव्हा १७ चा ६६ झाला. रस्ता तोच आहे. नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण जाणाऱ्या महामार्गांना सम क्रमांक असतात आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम क्रमांक असतात. ६६ हा पश्चिम किनाऱ्याचा रस्ता असल्याने त्याचा आकडा मोठा. त्याच्या शाखांना तीन आकडी क्रमांक मिळाले असून त्यांच्या शेवटी ६६ येते. रत्नागिरी-कोल्हापूरचा १६६, वडखळ-अलिबागचा १६६ अ, गुहागर-चिपळूण-कराडचा १६६ ई ही त्याची उदाहरणे. पाटीवर १६६ दिसले तर आपण मुख्य रस्ता सोडून बाजूच्या रस्त्याला लागलो, असे समजावे.

पाटी नसेल तर किलोमीटरचा दगड पाहावा. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गाचा हिरवा. डायव्हर्जनमधून बाहेर पडल्यावर पिवळा माथा दिसला नाही तर पुढच्या टपरीवर विचारलेले बरे.

दोन रस्त्यांशी या महामार्गाची गल्लत करू नये. रेवस-रेड्डी सागरी महामार्ग हा किनाऱ्यालगतचा राज्याचा रस्ता आहे. तो खाड्यांपाशी ठिकठिकाणी तुटतो आणि आगरदांडा-दिघी, वेशवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटींनी जोडला जातो. या बोटींतून गाडीही नेता येते. सुट्टी हाताशी असेल तर तो रस्ता फार सुंदर आहे, पण वेळेवर पोहोचायचे असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. दुसरा आहे कोकण द्रुतगती महामार्ग. त्याची घोषणा झालेली असली तरी तो स्वतंत्र प्रस्ताव आहे, आजच्या ६६ चे ते नवे नाव नव्हे.

मुंबई-ठाण्याहून महामार्ग कुठे गाठावा?

सर्वांत सरळ वाट शीव-पनवेल मार्गाने कळंबोली, पनवेल आणि मग पळस्पे फाटा. १५ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला आहे. त्यामुळे वाशी नाक्यावर मोटारीला पैसे द्यावे लागत नाहीत.

दक्षिण मुंबईहून निघणाऱ्यांना अटल सेतूचा पर्याय आहे. शिवडी ते न्हावा-शेवा असा हा २१.८ किलोमीटरचा सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. चिर्ले येथे उतरून जेएनपीटीच्या रस्त्याने पळस्प्याला येता येते. सेतूचा टोल वेगळा आहे. मोटरसायकल आणि रिक्षाला सेतूवर प्रवेश नाही.

तिसरी वाट अनुभवी चालक गर्दीच्या दिवसांसाठी राखून ठेवतात. द्रुतगती मार्गाने किंवा जुन्या रस्त्याने खोपोली गाठायची आणि तेथून पालीमार्गे वाकण फाट्यावर महामार्गाला लागायचे. पेण, वडखळ आणि नागोठणे हा कोंडीचा पट्टा त्याने टळतो. किलोमीटर थोडे वाढतात. मात्र गणपतीच्या आदल्या दोन दिवशी ही वाटही भरते, हे लक्षात ठेवावे.

कोणत्या गावाला कोणता फाटा?

गोव्याकडे तोंड केले की समुद्राकडचे फाटे उजव्या हाताला आणि सह्याद्रीकडचे डाव्या हाताला येतात. चौपदरीकरणानंतर एक मोठा फरक झाला आहे. जिथे उड्डाणपूल आहे तिथे उजवीकडच्या गावालाही डावीकडच्या सर्व्हिस रोडने खाली उतरून, पुलाखालून वळून जावे लागते. पुलावर चढल्यावर फाटा निघून जातो आणि पुढचे वळण काही किलोमीटरवर असते. कणकवलीसारख्या गावात तर संपूर्ण बाजारपेठ पुलाखाली राहते.

उत्तरेकडून दक्षिणेकडे मुख्य फाटे असे:

- वडखळ – उजवीकडे अलिबाग.
- वाकण – डावीकडे सुधागड-पाली, खोपोली.
- कोलाड – उजवीकडे रोहा आणि पुढे मुरूड.
- माणगाव – उजवीकडे म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर. डावीकडे ताम्हिणी घाटाने पुणे.
- लोणेरे – उजवीकडे गोरेगाव, आंबेतचा पूल आणि मंडणगड.
- महाड – डावीकडे रायगड किल्ला. वरंध घाटाने भोर.
- पोलादपूर – डावीकडे आंबेनळी घाट, प्रतापगड, महाबळेश्वर.
- भरणे नाका – उजवीकडे खेड गाव आणि दापोली.
- चिपळूण – उजवीकडे गुहागर. डावीकडे कुंभार्ली घाटाने कराड.
- संगमेश्वर – डावीकडे देवरूख, मार्लेश्वर.
- निवळी – उजवीकडे गणपतीपुळे, जयगड.
- हातखंबा – उजवीकडे रत्नागिरी.
- पाली – डावीकडे नाणीज, साखरपा, आंबा घाटाने कोल्हापूर.
- ओणी – डावीकडे पाचल आणि अणुस्कुरा घाट.
- तळेरे – उजवीकडे विजयदुर्ग. डावीकडे वैभववाडी आणि गगनबावडा.
- नांदगाव तिठा – उजवीकडे देवगड. डावीकडे फोंडा घाट.
- कसाल – उजवीकडे मालवण.
- कुडाळ – उजवीकडे वेंगुर्ले.
- झाराप – डावीकडे जुन्या रस्त्याने सावंतवाडी. सरळ गेल्यास शहराबाहेरून बांदा.

बसने जाणाऱ्यांनी तिकीट काढतानाच एक प्रश्न विचारावा: गाडी गावात जाणार की फाट्यावर सोडणार? गोव्याच्या खासगी बस रत्नागिरी शहरात सहसा शिरत नाहीत, प्रवाशांना हातखंब्याला उतरवतात. तेथून शहर सुमारे १३ किलोमीटरवर आहे. खेडच्या प्रवाशांना भरणे नाक्यावर आणि सावंतवाडीच्या प्रवाशांना झारापला उतरावे लागण्याची शक्यता असते. पहाटे तीन-चारच्या सुमारास सामान आणि लेकरांसह अंधाऱ्या फाट्यावर रिक्षाची वाट पाहण्यापेक्षा शहराच्या स्थानकात जाणारी एसटी निवडणे शहाणपणाचे.

एकाच नावाची गावे

मोबाइलवरच्या नकाशावर विसंबून निघालेल्यांची सर्वाधिक फसगत इथे होते. या महामार्गावरच्या कितीतरी गावांची नावे राज्यात दुसरीकडेही आहेत. अॅपमध्ये नुसते गावाचे नाव टाकले आणि पहिला पर्याय निवडला की गाडी भलत्याच जिल्ह्याकडे निघते.

पाली दोन आहेत. अष्टविनायकातील बल्लाळेश्वराची पाली रायगड जिल्ह्यात, वाकण फाट्याच्या आत. आंबा घाटाचा रस्ता जिथे मिळतो ती पाली रत्नागिरी जिल्ह्यात, हातखंब्याच्या पुढे. दोहोंमध्ये दोनशेहून अधिक किलोमीटरचे अंतर आहे आणि दोन्ही याच महामार्गाशी जोडलेल्या असल्याने चूक लवकर उमगतही नाही. खेड एक रत्नागिरीत, दुसरे पुणे जिल्ह्यात म्हणजे राजगुरुनगर. इंदापूर एक रायगडमध्ये माणगावच्या अलीकडे, दुसरे पुणे-सोलापूर रस्त्यावर. गोरेगाव मुंबईतही आहे आणि लोणेऱ्याजवळही. नांदगाव सिंधुदुर्गात आहे, मुरूडच्या किनाऱ्यावर आहे आणि नाशिक जिल्ह्यातही आहे. मलकापूर एक कराडला लागून, दुसरे शाहूवाडीत आंबा घाटाच्या माथ्याकडे, तिसरे बुलढाण्यात.

फोंड्याचा घोळ सगळ्यांत महागात पडतो. एक फोंडा कणकवली तालुक्यात घाटाच्या पायथ्याशी, दुसरे गोव्यात पणजीच्या पलीकडे. म्हणून शोधताना गावाच्या नावापुढे तालुका आणि जिल्हा नक्की लिहावा आणि निघण्यापूर्वी संपूर्ण रेषा एकदा डोळ्यांखालून घालावी. ती रेषा आपण ठरवलेल्या फाट्यावरून जात नसेल तर काहीतरी चुकले आहे.

पुणे-कोल्हापूरकडून येणाऱ्यांसाठी घाटांची निवड

घाटावरून कोकणात उतरणाऱ्याला पळस्प्याला जाण्याची गरजच नसते. पुणे-सातारा-कोल्हापूर हा महामार्ग ४८ आणि कोकणातला ६६ हे जवळपास समांतर धावतात. मधला सह्याद्री कुठे ओलांडायचा, एवढाच निर्णय घ्यायचा असतो. बहुतेक वेळा ४८ वरून शक्य तितके दक्षिणेला जाऊन आपल्या फाट्याच्या जवळचा घाट उतरणे सोयीचे पडते.

ताम्हिणी मुळशीमार्गे माणगावला उतरतो. श्रीवर्धन, महाड आणि दापोलीकडे जाणाऱ्या पुणेकरांसाठी हाच मुख्य मार्ग. पावसाळी शनिवार-रविवारी धबधब्यांपाशी उभ्या केलेल्या गाड्यांमुळे तो तासन् तास अडतो, तेव्हा ज्यांना खरोखर गावी पोहोचायचे आहे त्यांनी पहाटे निघावे. वरंध भोरहून महाडला येतो. अंतराने जवळचा, पण अरुंद आणि दरडींचा. पावसाळ्यात तो वाहतुकीसाठी बंद करण्याचे आदेश वरचेवर निघतात. आंबेनळी महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरतो. देखणा खरा, पण वळणे तीव्र आहेत. नवख्या चालकाने रात्री घेऊ नये.

चिपळूणसाठी कुंभार्ली. पुण्याहून येताना उंब्रजला महामार्ग सोडून पाटण, कोयनानगर आणि मग घाट. कोल्हापूरकडून येणारे कराडला वळतात. रत्नागिरी आणि लांज्यासाठी आंबा घाट कोल्हापूर-मलकापूरमार्गे. पुणेकरांना त्यासाठी कोल्हापूरपर्यंत जावे लागत नाही, कराडहून शेडगेवाडी, कोकरूडमार्गे शाहूवाडीचे मलकापूर गाठता येते. राजापूर तालुक्याच्या पूर्व भागासाठी अणुस्कुरा. तिथे रहदारी कमी आणि वस्ती विरळ, म्हणून टाकी भरून निघावे.

सिंधुदुर्गासाठी चार घाट आहेत. गगनबावड्याला रस्ता फुटतो: करूळ घाट वैभववाडीला उतरून तळेऱ्याला येतो, भुईबावडा घाट खारेपाटणकडे येतो. करूळ घाट रुंदीकरणासाठी जानेवारी २०२४ पासून दीर्घकाळ बंद होता आणि तेव्हा सगळी वाहतूक भुईबावड्यावर आणि फोंड्यावर आली. असे पुन्हा होऊ शकते, तेव्हा निघताना दोन्ही घाटांची स्थिती विचारून घ्यावी. फोंडा राधानगरी-दाजीपूरहून नांदगावला मिळतो. देवगड आणि कणकवलीला तो उत्तम. आंबोली सावंतवाडीसाठी, निपाणी किंवा संकेश्वरहून आजऱ्यामार्गे त्याला लागता येते. निपाणी आणि संकेश्वर कर्नाटकात आहेत. सीमाभागात तणाव असताना महाराष्ट्राच्या बस त्या वाटेने जात नाहीत. अशा दिवसांत गगनबावड्याची वाट धरावी.

पावसाळा आणि रात्रीचा प्रवास

कोकणात पावसाचे चार महिने म्हणजे रस्त्याचा वेगळाच हिशोब. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन बस आणि इतर वाहनेही गेली. पुलाच्या पलीकडे रस्ता उरला नाही, हे अंधारात आणि धो धो पावसात चालकांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पुढच्या जूनपर्यंत तेथे नवा पूल उभा राहिला. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण बुडाले, तेव्हा वाशिष्ठीच्या पुलाचा जोडरस्ता खचला आणि महामार्ग तुटला. या दोन घटनांनंतर एक नियम तरी प्रत्येकाने पाळायला हवा: हवामान खात्याचा 'रेड अलर्ट' असताना रात्री हा रस्ता धरू नये. रस्त्यावरून पाणी वाहत असेल आणि कडेचे दगड दिसत नसतील तर पुढची गाडी गेली म्हणून आपली घालू नये.

कशेडी घाट हा रायगड आणि रत्नागिरी यांच्या सीमेवरचा पूर्वीचा सर्वांत जिकिरीचा टप्पा. आता त्याला जुळ्या बोगद्यांचा पर्याय आहे. बोगद्याची लांबी सुमारे दोन किलोमीटर. बोगदा कामानिमित्त बंद असेल तर वाहतूक पुन्हा जुन्या घाटाने वळवतात, तेव्हा फलक पाहूनच वळावे. आत शिरताना दिवे लावावेत, लेन बदलू नये आणि फोटोसाठी गाडी थांबवू नये.

परशुराम घाटात डोंगर कापून रस्ता रुंद केला आहे. कापलेल्या उभ्या कड्याखाली पावसात थांबणे धोक्याचे असते. चहा प्यायचा असेल तर लोट्याला किंवा चिपळूणला प्यावा.

जिथे काम अर्धवट आहे तिथे चौपदरी रस्ता अचानक संपतो आणि गाडी समोरच्या वाहतुकीत शिरते. हा महामार्ग एकसलग वेगाने चालवण्याचा रस्ता अजून झालेला नाही. अॅपने दाखवलेल्या वेळेत दोन तास मिळवूनच पाहुण्यांना कळवावे.

गणेशोत्सवात जाणाऱ्यांसाठी

गेली काही वर्षे राज्य शासन गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या वाहनांना टोलमाफी देते. त्यासाठी वाहतूक पोलीस, पोलीस ठाणे किंवा आरटीओ कार्यालयातून पास घ्यावा लागतो. तो गाडीच्या काचेवर लावायचा असतो आणि परतीच्या प्रवासालाही चालतो. ही माफी मुंबई-पुणे आणि पुणे-कोल्हापूरमार्गे जाणाऱ्यांनाही लागू होते, हे अनेकांना ठाऊक नसते. माफीच्या तारखा दरवर्षी शासन निर्णयाने ठरतात. पास नसताना फास्टॅगमधून रक्कम आपोआप वळती होते आणि ती परत मिळवणे कष्टाचे असते, म्हणून पास आधीच घ्यावा.

याच काळात ६६ वर १६ टनांहून अधिक वजनाच्या मालवाहू वाहनांना बंदी घातली जाते. व्यापाऱ्यांनी माल त्याआधी हलवावा. दूध, इंधन, भाजीपाला यांसारख्या जीवनावश्यक वस्तूंना सवलत असते.

गाडी चालवण्याचा कंटाळा असेल तर कोकण रेल्वेची रो-रो सेवा आहे. कोलाड ते वेर्णा आणि सुरतकल अशी मालमोटारींची वाहतूक १९९९ पासून चालू आहे. २०२५ च्या गणेशोत्सवात कोलाड-वेर्णा मार्गावर मोटारींसाठीही ती सुरू झाली. चालू वर्षीच्या तारखा आणि आरक्षण कोकण रेल्वेकडे विचारावे.

टोल : किती, कोणाला आणि हक्क काय?

राजापूरजवळ हातिवले आणि कणकवली-ओरोस दरम्यान ओसरगाव येथे टोलनाके उभारलेले आहेत. काम अपुरे असताना टोल कसला, असा स्थानिकांचा रास्त सवाल असल्याने तेथील वसुलीला विरोध होत आला आहे. त्यामुळे नाका दिसला म्हणजे वसुली चालू आहेच, असे धरून चालू नये. चालू असेल तर पुढील नियम लागू होतात:

- दुचाकी आणि ट्रॅक्टर यांना राष्ट्रीय महामार्गावर टोल नाही.
- २४ तासांच्या आत परत आल्यास एकेरी दराच्या दीडपट रक्कमच लागते, दुप्पट नाही.
- नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या बिगरव्यावसायिक वाहनाला सवलतीचा मासिक पास मिळतो. रहिवासाचा पुरावा आणि गाडीची कागदपत्रे घेऊन नाक्यावरच अर्ज करावा.
- फास्टॅग नसेल किंवा बंद पडला असेल तर रोखीने दुप्पट रक्कम भरावी लागते. १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरल्यास सव्वापट आकारणी होते.
- टॅग चालू आहे, खात्यात पैसे आहेत आणि नाक्यावरचे यंत्र बिघडले आहे, अशा वेळी पैसे न देता पुढे जाण्याचा हक्क आहे. शून्य रकमेची पावती मागून घ्यावी. कर्मचारी रोख मागू लागला तर वाद न वाढवता पावतीवर वेळ आणि लेन क्रमांक असल्याची खात्री करून तक्रार करावी.

खासगी मोटारींसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून वार्षिक पास आला. सुरुवातीला त्याची किंमत ३,००० रुपये होती. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी पूर्ण होईल तोवर तो चालतो. तो फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच्या नाक्यांवर लागू आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू राज्याच्या अखत्यारीत असल्याने तेथे नेहमीचा टोल कापला जातो. वर्षातून दोनदाच गावी जाणाऱ्याला हा पास परवडत नाही.

अपघात झाला तर

राष्ट्रीय महामार्गाची मदतवाहिनी १०३३, रुग्णवाहिका १०८, पोलीस आणि इतर तातडीची मदत ११२. फोनवर ठिकाण सांगताना 'चिपळूणच्या पुढे' एवढे पुरत नाही. जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा, शेवटचे ओलांडलेले गाव आणि गाडी कोणत्या दिशेने जात होती हे सांगावे. मधल्या दुभाजकामुळे चुकीच्या बाजूने आलेल्या रुग्णवाहिकेला पुढच्या वळणापर्यंत जाऊन परतावे लागते, आणि तेवढी मिनिटे जखमीच्या जिवावर बेततात.

जखमींवरील उपचारांसाठी मे २०२५ पासून केंद्राची रोकडविरहित उपचार योजना लागू आहे. मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. दाखल करताना रुग्णालयाला या योजनेखाली नोंद करायला सांगावे आणि पोलिसांना खबर द्यावी, कारण पोलिसांच्या नोंदीशिवाय दावा पुढे सरकत नाही. धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडले नाही तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपयांची भरपाई मिळते. त्याचा अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात करावा.

मदत करणाऱ्यांनी घाबरण्याचे कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नुसार जखमीला सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही आणि रुग्णालय त्याच्याकडे पैसे मागू शकत नाही. गंभीर जखमीला 'सुवर्ण तासात' रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला राह-वीर योजनेत २५ हजार रुपयांचे बक्षीस आहे.

खड्डे आणि अर्धवट कामाची तक्रार कोणाकडे?

चौपदरीकरणाचे काम २०११ च्या सुमारास सुरू झाले आणि इतकी वर्षे रेंगाळले, ही कोकणच्या माणसाची ठसठसती जखम आहे. तक्रार चुकीच्या दारात गेली की ती हरवते, म्हणून दार ओळखावे. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे. इंदापूर ते झाराप हा सुमारे ३५५ किलोमीटरचा टप्पा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. हे काम वेगवेगळ्या ठेकेदारांत वाटलेले आहे. ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद या रस्त्याला हात लावू शकत नाही.

तक्रारीत किलोमीटर क्रमांक, दिशा, तारीख आणि फोटो द्यावा. उत्तर आले नाही तर संबंधित कार्यालयाकडे माहिती अधिकारात त्या टप्प्याच्या ठेकेदाराचे नाव, देखभालीची मुदत आणि झालेली दुरुस्ती यांची माहिती मागावी. देखभालीची मुदत चालू असताना खड्डे बुजवणे ही ठेकेदाराची जबाबदारी असते. खड्ड्यामुळे अपघात झाला असल्यास त्या जागेचा उल्लेख पोलीस पंचनाम्यात करवून घ्यावा. पुढे भरपाई मागताना हाच कागद उपयोगी पडतो.

पत्रादेवी ओलांडताना

बांदा मागे पडले की काही किलोमीटरवर पत्रादेवी. महाराष्ट्र क्रमांकाच्या खासगी गाडीला गोव्यात पर्यटनासाठी जायला वेगळा परवाना किंवा कर लागत नाही. वाहन नोंदणी, चालक परवाना, विमा आणि पीयूसी हे चार कागद डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर असले तरी कायद्याने ग्राह्य आहेत. भाड्याची गाडी असेल तर ती पर्यटक परवान्याचीच घ्यावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतल्याचे तपासणीत उघड झाले तर दंड होतो आणि अपघातात विम्याचा दावाही अडतो.

परतताना बांद्याच्या पुढे इन्सुली येथे राज्य उत्पादन शुल्क खात्याची तपासणी असते. केवळ गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे. गोव्यातल्या दुकानाचे बिल दाखवून त्यातून सुटका होत नाही. बाटल्यांबरोबर गाडीही जप्त होऊ शकते आणि ती सोडवण्यासाठी महिनोन् महिने खेटे घालावे लागतात. बसमधून येणाऱ्यांच्या सामानाचीही तपासणी होते. ओळखीच्या कुणी 'एवढी पिशवी मुंबईत पोहोचवा' असे सांगून बंद पिशवी दिली तर ती घेऊ नये.